गोचीड आणि तपकिरी बूट

कोर्टाची समन्सं बजावणाऱ्या बेलिफ बाईंना सगळी कचेरी मागून गोचीड म्हणे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. बावीस वर्षांत 'घरी नाही' असा शेरा मारून त्यांनी एकही समन्स परत आणलं नव्हतं. अशी चिकाटी आज दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही.

म्हणूनच एका समन्सचं पाकीट तिसऱ्या खेपेला त्यांच्याकडे आलं. चार वर्षांच्या मुलीचा बाप ठरवण्याचा दावा होता. शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईने पोटगी मागितली होती आणि बापाने कानांवर हात ठेवले होते. डीएनए तपासणी झाली असती तर खरंखोटं कळलं असतं, पण समन्स त्याच्या हातात पडल्याखेरीज कोर्टाचं काम पुढे सरकेना. आधीचे दोन बेलिफ हात हलवत परतले होते. आणि शनिवारी हा बहाद्दर कायमचा परदेशी चालला होता.

"बाई, तो निसटला तर?" आईने रडवेल्या आवाजात विचारलं.

"मी आहे ना. तुम्ही मशीन चालू ठेवा."

शुक्रवारी सकाळी बाई त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी पोचल्या. बेल वाजवण्याआधी दारातले चपला-बूट बघायचे, ही त्यांची जुनी खोड. तपकिरी बूट होते, नुकतंच पॉलिश केलेले.

दार त्याच्या बहिणीने उघडलं. "दादा गावाला गेलाय."

"मग हे बूट?"

"ते... शेजाऱ्यांचे असतील."

"राहिलेत वाटतं चुकून. देऊन येते." बाईंनी बूट उचलले आणि सावकाश जिना उतरू लागल्या. एक मजला झाला, दुसरा झाला. चोरीचा आळ आला असता तर बावीस वर्षं मातीत गेली असती. एवढ्यात वरून नुसते मोजे घातलेले पाय धाडधाड खाली आले.

"ओ बाई! माझे बूट आहेत ते!"

"कशावरून? नाव काय तुमचं?"

रागाच्या भरात त्याने आडनावासकट सांगितलं. बाईंनी त्याच्या एका हातात बूट दिले, दुसऱ्या हातात समन्स.

त्याचं परदेशी जाणं कोर्टाने थांबवलं. तपासणी झाली. मुलगी त्याचीच निघाली; तिला बापाचं नाव मिळालं, पोटगीही बांधून मिळाली.

निकालानंतर तो कोर्टाच्या दारात बाईंवर उखडला. "फसवलंत मला!"

"बुटांसाठी दोन मजले मोज्यांवर धावत आलात, साहेब," बाई म्हणाल्या. "लेकीसाठी एक पायरी उतरला असतात, तर मी कशाला आले असते?"