उजव्या हातातला आकडा

उघडून पाहिल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम माझ्या बायकोच्या मामांनी जन्मभर पाळला. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते गाझियाबादला स्थायिक झाले, आणि आम्हा नातेवाइकांचे मिक्सर, इस्त्र्या, घड्याळं पार गुरुग्रामहून तिथवर प्रवास करू लागली. सुटे भाग ठेवायला त्यांचा स्वतःचा मिसळणाचा डबा होता. मोहरीच्या वाटीत स्क्रू, हळदीच्या वाटीत स्प्रिंगा. जोडून झाल्यावर एखादा भाग उरलाच तर म्हणायचे, "कंपनीने जास्तीचा घातला होता." आपली चूक त्यांनी कधी कुणापुढे कबूल केल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्यामुळे त्यांच्याकडेच राहणाऱ्या नातीच्या पहिल्या नेमबाजी स्पर्धेआधी त्यांची जुनी, दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढावा लागणारी रायफल कुरकुरू लागली, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाणं शक्यच नव्हतं. गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा नखाएवढा आकडा झिजला होता. मामांनी बंदुकांच्या परवानाधारक दुकानातून नवा आणला आणि जुना-नवा दोन्ही माझ्याकडे दिले. "जावईबापू, डाव्यात जुना, उजव्यात नवा. हलायचं नाही." मी हललो नाही. पण मामी चहा घेऊन आल्या, कप धरायला मी एक हात रिकामा केला, आणि त्यानंतर कुठला कुठे होता, आधी डावा हात रिकामा केला की उजवा, काहीच आठवेना. दोन्ही आकडे जुळ्या भावांसारखे दिसू लागले. "नवा?" मामांनी चष्म्यावरून विचारलं. मी छातीठोकपणे उजवा हात पुढे केला.

रविवारी स्पर्धेत तिसऱ्याच गोळीला पुंगळी आत अडकली. पंचांनी ती काढेपर्यंत वेळ गेला आणि नात अंतिम फेरीला मुकली. मामांनी बोल्ट उघडून अंगठ्याने आकडा चाचपला आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच ते नातीला म्हणाले, "माझी चूक झाली, बाळा. जुनाच बसवला मी."

"चलो, कोई नहीं, आबा," ती म्हणाली. "नेक्स्ट टाइम दुकानात देऊ या."

तेव्हापासून मामांकडे कुणी काही दुरुस्तीला नेत नाही. त्यांच्या डब्यात मामींनी खरीखुरी मोहरी भरली आहे. नातीला खरं सांगायला मी दोनदा गाझियाबादला गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो. मामांनी ते माझ्यासाठी केलं की त्यांना खरंच तसं वाटलं, हे मला अजून कळत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

आमचा मिक्सर उत्तम चालतो. आज त्याचा एक स्क्रू काढून खिशात ठेवला आहे. उद्या मिक्सर घेऊन मामांकडे जाणार आहे. आधी नातीला सगळं सांगेन, चहा नंतर.