पेंढा भरलेलं वासरू

"गाईला ठाऊक असतं आत पेंढा आहे, तरी ती चाटते," असं माझा मामा एकदा म्हणाला होता, आणि स्वतःच्याच वाक्यावर इतका खूश झाला की त्या दिवशी दूध डेअरीत न्यायचंच विसरला.

वाक्याचं कारण होती पांढरी. पांढरीचं पहिलं वासरू गेलं आणि तिने पान्हा चोरायला सुरुवात केली. कासेत दूध भरलेलं, पण सडाला हात लावला की गाय दगड. अशा वेळी गोठेवाले जे करतात तेच मामाने केलं. वासराचं कातडं सुकवलं, आत पेंढा भरला, दाभणाने शिवलं आणि गाईपुढे उभं केलं. शिवताना एका डोळ्याचं भोक फाटलं, तिथे मामीच्या जुन्या स्वेटरचं बटण लागलं. पांढरीने ते हुंगलं. जरा थांबली, कागदपत्रं तपासल्यासारखी. मग चाटायला लागली आणि दूध उतरलं. काम झालं की वासरू खुंटीला टांगायचं, छत्रीशेजारी.

त्या दिवसापासून सरकारी अनुदानाला मामा 'पेंढ्याचं वासरू' म्हणायला लागला. "ते पुढे उभं करतात, मी चाटतो, दूध ते नेतात," तो म्हणायचा. कुणी विचारलं, मग अर्ज का करता, तर म्हणायचा, "सवय."

मामाचा धंदा दुधाचा होता, पण त्याचा खरा माल तोटा. रोज सकाळी डेअरीच्या केंद्रावर कॅन रिकामा करून झाला की कठड्याला टेकून तो तोटा सांगत असे. चहावाला चहा उकळतो तसा तो तोटा उकळायचा. जेवढा उकळेल तेवढा दाट. पेंड महागली, डॉक्टरने सुई टोचली, वैरण कुजली, विजेचं बिल आलं. शेवटी ठरलेलं वाक्य: "उद्याच विकून टाकतो सगळ्या." लोकांनी त्याचं नाव नफेखोर ठेवलं होतं. तेही त्याला मानपत्रासारखं वाटे.

अनुदानांचं त्याला व्यसन होतं. गोठ्यात पंखा आला, कारण पंख्याला अनुदान होतं. गाई पंख्याला बुजल्या, तेव्हा दुपारी त्याखाली मामा झोपायला लागला. धार काढायचं यंत्र आलं. काळ्या गाईने पहिल्याच दिवशी त्याला लाथ घातली, त्यानंतर ते खोक्यात परत गेलं आणि खोक्यावर पेंडीची पोती चढली. दुधाला लिटरमागे अनुदान जाहीर झालं, त्याच आठवड्यात डेअरीने दर उतरवला आणि पेंडवाल्याने चढवला. "दोघांच्या मधून अनुदान वाऱ्यासारखं गेलं," मामा म्हणाला. "मला फक्त गार वाटलं." सरकारने त्याला मामा बनवलं असं लोक म्हणत. आमच्या घरात म्हणायचे, त्यात सरकारला काही कष्ट पडले नाहीत, तो आधीपासूनच होता.

बाईच्या नावावर जनावरं असतील तर रक्कम जास्त मिळते असं कळलं, तेव्हा मामाने चारही गाई मामीच्या नावावर केल्या. घरी येऊन दारातच सांगितलं, "आजपासून तू मालकीण."

मामी शेणाची पाटी घेऊन निघाली होती. "मग हे शेण कोण टाकणार?"

"मालकीण," मामा म्हणाला.

एकदाच सरकार त्याला फसलं. वासरांच्या संगोपनाचं अनुदान द्यायचं म्हणून एक मोजणीवाला गोठ्यात आला. दिवस ढगाळ होता, गोठ्यात अंधार. मोजणीवाल्याला जनावरांची भीती वाटत असावी, कारण त्याने उंबऱ्याबाहेरून मान आत घातली, धार नुकतीच झाल्यामुळे अजून जमिनीवरच असलेलं पेंढ्याचं वासरू पाहिलं आणि म्हणाला, "एक कालवड. शांत आहे."

मामाने आयुष्यात तोवर कुणाला मध्येच न अडवता बोलू दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. वर्षभर त्या पेंढ्याला खुराकाचे पैसे येत राहिले. मामी म्हणायची, घरात एवढा एकच जीव आहे जो खात नाही आणि कमावतो.

खाण्याचं आणि कमावण्याचं गणित मामी असं बोलता बोलता करायची. मामाला ते विनोद वाटत. धार तीच काढायची. पहाटे आणि संध्याकाळी, चारही गाईंची, हाताने. अंगठा आत मुडपून सड दाबायची तिची पद्धत होती, आणि आता उजवा अंगठा मुडपेनासा झाला होता. डॉक्टरने हाताला विश्रांती द्या म्हणून सांगितलं. "गाईंना सांगा," ती म्हणाली. बहिणीच्या घरी ती कधी एक रात्र राहिली नव्हती. सकाळची धार काढून जायची, संध्याकाळच्या धारेला परत. बहिणीच्या मुलीच्या लग्नात जेवण वाढलं जात होतं तेव्हा ती उठून चप्पल शोधत होती. बहीण म्हणाली, "तुझ्या गाईंना सांग, तुलाही माणसं आहेत." हे सगळं मामाच्या कानावर होतं, पण त्या कानांना रोजचा तोटा ऐकायची एवढी सवय होती की घरातला वेगळा ऐकू येत नसे.

मग ती योजना आली.

दूध फार झालं होतं. डेअऱ्यांच्या टाक्या भरल्या, भुकटीची पोती छताला लागली, आणि ज्यांनी जन्मभर दूध वाढवा म्हणून पैसे दिले त्यांनीच आता दूध थांबवा म्हणून पैसे द्यायचं ठरवलं. छोटा, तोट्यातला गोठा बंद करा, जनावरं आम्ही नेतो, एकरकमी रक्कम घ्या. रक्कम चांगली होती. पुढे दुभतं जनावर पाळायचं नाही, एवढीच अट.

"सरकारला अखेर माझं पटलं," मामा केंद्रावर म्हणाला. लोकांनी त्याची पाठ थोपटली. जन्मात पहिल्यांदा त्याला नफा होणार होता, तोही धंदा बंद करून.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. संध्याकाळी तो गोठ्यात विनाकारण आला. पांढरीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिने शेपटी त्याच्या तोंडावर मारली.

"असल्या योजना कुणाला विचारून काढतात?" तो म्हणाला.

मामी काळीच्या कासेशी बसली होती. मागे न बघता म्हणाली, "तुम्हालाच विचारलं असणार. रोज सांगत होतात."

"बोलायची एक रीत असते."

"मग आता काय, ठेवायच्या?"

मामा म्हणाला, "बघू. आधी बैठक होऊ दे."

बैठक डेअरीच्या वरच्या मजल्यावर होती. खाली दूध थंड करायची टाकी घरघरत होती आणि तिची थरथर प्लास्टिकच्या खुर्च्यांमधून सगळ्यांच्या बुडाला लागत होती. पुढे टेबलामागे योजनेच्या अधिकारी बाई, समोर लॅपटॉप. बाई चांगल्या होत्या. सगळ्यांना अहो-जाहो करत होत्या, त्यामुळे लोक जरा बिचकले होते. मामी शेवटच्या रांगेत बसली. खुर्चीखाली तिची बादली होती, आत सड पुसायचं फडकं. बैठक लांबली तर इथूनच परस्पर गोठ्यात जायचं होतं.

"गोठा तोट्यात आहे हे आधी बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "कुणापासून सुरुवात करू?"

सगळ्या माना मामाकडे वळल्या. डेअरीत दुधाचं फॅट मोजणारा, ज्याला सगळे फॅटवाला म्हणत आणि जो स्वतः काडीसारखा होता, तो म्हणाला, "नफेखोर, उठ. तुझा दिवस आहे."

मामा शर्ट खाली ओढत उठला. दूध किती, दर काय, पेंड, वैरण, डॉक्टर, वीज. न अडखळता सांगितलं; रोजचा रियाज होता. बाई टाइप करत गेल्या. अनुदानं त्यांच्याकडे आधीच नोंदलेली होती, तीही त्यांनी टाकली. मग स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"सर, हा नफा दिसतोय."

टाकी तेवढी घरघरली.

"परत करा," मामा म्हणाला. "मशीन तापलं असेल."

त्यांनी परत केलं. "थोडासाच आहे. पण नफाच आहे. नफ्यातला गोठा या योजनेत बसत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "नाव सार्थ केलंस रे."

"जन्मभर आमच्या पैशाचा चहा प्यायला हा," फॅटवाला म्हणाला. "गरीब म्हणून पाजत होतो."

हॉल हसला. मामाचे कान लाल झाले. पण त्याच्या चेहऱ्यावर आणखीही काही होतं. भर चौकात धोतर सुटावं आणि त्याच क्षणी हरवलेली किल्ली पायाशी दिसावी, तसं काहीतरी. नफा म्हणजे गाई राहणार. तो खुर्चीकडे वळला, जवळजवळ बसलाच.

"बाई," शेवटच्या रांगेतून मामी म्हणाली, "त्यात मजुरी धरली का?"

बाईंनी मान उंचावली. "मजूर आहे का तुमच्याकडे? सरांनी सांगितलं नाही."

"ते विसरले असतील. आहे एक. जुनी आहे."

"कोण?"

"मीच."

दोनचार जण हसले, मग हसू मध्येच अडकलं.

"घरच्या माणसाची कसली मजुरी?" मामा म्हणाला.

"बरं, नका धरू," मामी म्हणाली. "उद्यापासून बाहेरचा माणूस लावा. पहाटे उठेल, शेण काढेल, दोन्ही वेळच्या धारा काढेल, कॅन घासेल, एकही सुट्टी घेणार नाही. तो काय मागेल ते धरा."

"असा माणूस मिळायचा नाही," पेंडवाला म्हणाला. तो पेंड विकायला आला होता, पण हे त्याच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी टाइप केलं. फार वेळ लागला नाही. "आता तोटा आहे," त्या म्हणाल्या. आवाज थोडा खाली आला होता. "बराच आहे. सगळ्या वर्षांचा धरला तर…"

मामाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा तोटा होता आणि त्याला तो सांगता येत नव्हता. कुणी पाठ थोपटली नाही. सवयीने त्याने पेनासाठी हात पुढे केला.

"सही मॅडमची लागेल, सर. गाई त्यांच्या नावावर आहेत."

मामी बादली तिथेच ठेवून पुढे आली. पेन तिने पहिल्या आणि मधल्या बोटात धरलं, कारण अंगठा वळत नव्हता. हे सगळ्यांनी पाहिलं. मामानेही, बहुधा पहिल्यांदा.

"करू का?" तिने विचारलं. "उद्याच विकतो म्हणता ना रोज. आज उद्या आला."

मामाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"नको असेल तर आत्ता बोला," मामी म्हणाली. "माझंही काही गाईंशी भांडण नाही. पण मग धार तुम्ही काढायची. आजपासून. मी परवा बहिणीकडे जाणार, आणि राहणार. काळी लाथ मारते, आधीच सांगून ठेवते."

"याला धार येते तरी का?" फॅटवाल्याने शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने खांदे उडवले.

बाई वाट बघत होत्या. पेन अधांतरी होतं. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं होतं. धारेची वेळ झाली होती, आणि वस्तीच्या टोकाला मामाच्या गोठ्यातली कुठलीतरी गाय हंबरत होती, कोणती ते हॉलमध्ये एकट्या मामीलाच कळलं असतं.

मामा खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेला. शेवटच्या रांगेत वाकला. मामीच्या खुर्चीखालची बादली उचलली, आतलं फडकं पाहिलं, खांद्यावर टाकलं, आणि जिना उतरून गेला.