शालनची पाण्याची बाटली

शालन गेली त्याच्या आदल्या दिवशी इस्पितळात मला म्हणाली, "अहो, या रविवारी मला काही जमायचं नाही. वर जाऊन तेवढं पाणी घालून या." मी हो म्हणालो. तिला हो म्हणायचं आणि करायचं नाही, ही माझी जन्माची खोड...

होसकोटे गावाच्या पुढे एका टेकडीवर राजेरजवाड्यांच्या काळातलं गाव आहे. महिन्यातून एकदा आम्ही बसने जायचो. ती पाण्याची बाटली घेऊन वर चढायची, मी पायथ्याला टपरीवर चहा पीत बसायचो. मी सातवी नापास, लेथवर जन्म गेलेला. दगडं काय बघायची, म्हणायचो. "खरंय, घरात एक आहे तेवढा पुरे," म्हणून ती चालू पडायची.

तेरावं झालं आणि रविवारी बाटली भरून मी चढलो. वेशीतच पाय थांबले. पायऱ्या अख्ख्या खडकात कोरलेल्या, माणसांच्या पावलांनी मधोमध झिजलेल्या. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही भिंतींना हात लागावेत. आणि पावसाचं पाणी जायला खडकातच चर खोदलेला, माथ्यापासून तळ्यापर्यंत एकसारखा उतार. जन्मभर मशीनवर लोखंड कापलं, पण नुसत्या छिन्नीने असा उतार मला साधला नसता. उगाच नाही सांगत. येड्यासारखा बघत राहिलो, आणि बघ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

एका ओट्यावर म्हातारी अक्का बसली होती. बाटली ओळखून तिने कन्नडमध्ये विचारलं, शालनम्मा कुठे? गेली, म्हणालो. तिने बाटलीवरून हात फिरवला. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "तुम्ही कसे चढलात? त्या सांगायच्या, यांचे गुडघे गेलेत, नाहीतर माझ्याआधी वर आले असते."

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही.

हळूहळू चढलो, एवढंच बोललो. शालन ज्यावर पाणी घालायची तो भिंतीशी उभा वीरगळ अक्काने दाखवला, लढाईत पडलेल्या कुणा गड्याच्या आठवणीचा दगड. कोरडा होता तोवर नुसता काळा धोंडा. पाणी ओतलं... आणि आतून माणूस वर आला. ढाल, घोडा, त्याला स्वर्गात नेणाऱ्या बाया, त्यांच्या हातातल्या बांगड्यासुद्धा. दगड वाळेपर्यंत जागचा हललो नाही.

बाटली आता खिडकीत असते. शनिवारी संध्याकाळी भरून ठेवतो. टपरीवाला चहा विचारतो, त्याला उतरल्यावर घेईन, म्हणतो. टेकडी नीट चढतो, दम लागत नाही. फक्त अक्काचा ओटा दिसायला लागला की जरा लंगडतो.