तीन तुकड्यांतली कादंबरी

नवी कादंबरी घरात आली की मी आधी तिला खाकी कव्हर घालते आणि मग एक पानही न वाचता दुसऱ्याच्या हवाली करते. आमचा नियमच तसा आहे. ज्याने पुस्तक आणलं, त्याने ते शेवटी वाचायचं. हा नियम वहिनींनी केला. माझ्या हातात नवं पुस्तक एकदा पडलं की महिना महिना सुटत नाही, असा त्यांचा आरोप होता. मला तो मान्य नाही, पण नियम पाळते.

वाचणारे आम्ही तिघं. मी थळच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली, आता रेवदंड्यात घरी असते. वहिनी म्हणजे शेजारच्या सुपारीच्या वाडीच्या मालकीण. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, नवऱ्याच्या मागे वाडी एकटीने सांभाळलेल्या. आणि तिसरे नाखवा. बंदरावर त्यांची स्वतःची होडी आहे. एकदा ते नारळीपौर्णिमेसाठी वहिनींकडे नारळ न्यायला आले, पडवीत पडलेली कादंबरी उभ्या उभ्या चाळायला लागले आणि नारळ तिथेच विसरून कादंबरी घेऊन गेले. तेव्हापासून ते आमच्यात आहेत. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा ते वखवखल्यासारखे वाचतात, एरवी जमेल तसं.

दोघांनाही पुस्तकं हाताळायची अक्कल नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. वहिनी फोडणी देता देता वाचतात, त्यामुळे प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे हळदीचं बोट उमटलेलं असतं. नाखवा बोट जिभेला लावून पान उलटतात. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं बांगड्याच्या वासाची आहेत. आमचे मिस्टर म्हणतात, मग देतेस कशाला? मिस्टर फक्त वर्तमानपत्र वाचतात, त्यांना काय सांगणार! एकटीने वाचलेली कादंबरी मला अर्धीच वाचल्यासारखी वाटते. तिघांचं वाचून झालं, वहिनींच्या पडवीत बसून त्या पुस्तकाची पिसं काढून झाली, की ते पुस्तक संपलं असं मी समजते.

दुसरा नियम माझा आहे. ज्याचं वाचून झालं नाही त्याला शेवट सांगायचा नाही. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. एका रहस्यकथेतला खुनी कोण, हे नाखवा भर बाजारात बोलून गेले होते. मी महिनाभर त्यांच्या बायकोकडून मासळी घेतली नाही. मिस्टरांचे हाल झाले, पण नाखवांना धडा मिळाला.

गेल्या पावसाळ्यात वहिनी वाडीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण पुण्याच्या मुलाने तेव्हापासून धोशा लावला की आता इथे एकटीने राहायचं नाही. या वर्षी त्याने ठरवूनच टाकलं. गणपतीला तो येणार, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन जाणार. वाडी एका नात्यातल्या माणसाला बघायला द्यायची. वहिनींनी मला हे सगळं कुंपणाशी उभ्या राहून, पडवळाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला. नाही म्हणता येत नव्हतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रात्री न्हाणीघरात जाताना मला भीती वाटते गं."

नेमकी त्याच आठवड्यात ती कादंबरी आली. तिच्याबद्दल रविवारच्या पुरवणीत वाचल्यापासून आम्ही तिघंही तिच्या मागे होतो. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं की आवृत्ती संपली, ही त्याच्याकडची शेवटची प्रत, पुढची आवृत्ती दिवाळीनंतर. म्हणून कुरियर अलिबागला आलंय कळताच मी रिक्षा करून गेले आणि घेऊन आले. उशीएवढी जाड कादंबरी. एरवी इतकी जाड कादंबरी बघून जीव हरखला असता. त्या दिवशी मात्र मी रिक्षातच हिशेब करायला लागले. गणपती जेमतेम दोन आठवड्यांवर आले होते. आधी वहिनी वाचणार, मग नाखवा, मग मी. नाखवांच्या होडीच्या फेऱ्या सुरू झालेल्या. वहिनी जाईपर्यंत माझी पाळी येणं शक्यच नव्हतं. म्हणजे पडवीत तिघांनी बसून बोलायची ही शेवटची कादंबरी, आणि तीच राहून जाणार.

मी हे दोघांपुढे मांडलं. वहिनींनी कादंबरी हातात घेतली, पाठीकडून बघितली, दाबून बघितली आणि म्हणाल्या, "कापू या."

"काय कापू या?"

"पुस्तक. तीन तुकडे करू. मी पहिला वाचून नाखवांना देते आणि दुसरा घेते. नाखवा पहिला वाचून तुला देतील. एक जण वाचतोय आणि दोघं हात चोळत बसलीत, असं होणार नाही."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. कोरं पुस्तक, शेवटची प्रत, तुम्हाला वेड लागलंय का, असं बरंच. नाखवा शांतपणे ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "ताय, एवरी मोठी सुरमय आख्खी कोन रांधतं? तुकडं करायलाच लागतात."

"पुस्तक म्हणजे सुरमई नव्हे."

"न्हाय ना. सुरमय परत शिवता येत न्हाय."

वहिनी हसायला लागल्या. मी हसले नाही, पण कबूल झाले. पुस्तक धड राहिलं असतं आणि वहिनी गेल्या असत्या, तर त्या धड पुस्तकाचं मी काय करणार होते? नाखवांनी प्रकरण कुठे संपतं ते बघून सुरी चालवली. मी तोंड फिरवून वाडीकडे बघत बसले. मग त्यांनी जाळं शिवायच्या दोऱ्याने तिन्ही तुकडे पाठीशी घट्ट शिवले, एकही पान सुटणार नाही असे. मी तिन्हींना वेगवेगळं खाकी कव्हर घातलं आणि वर एक, दोन, तीन असे आकडे टाकले. नाही म्हटलं तरी काम नीट झालं होतं.

पुढचे दिवस मजेत गेले, हे मान्य करायला हवं. पहिला तुकडा माझ्या हातात आला तेव्हा त्याला हळद आणि बांगडा दोन्हींचा प्रसाद मिळालेला होता. मी कुरकुर केली आणि दोन बैठकीत तो संपवला. वहिनी तोवर तिसऱ्यात शिरल्या होत्या. त्या कुंपणापलीकडून नुसत्या भुवया उडवायच्या आणि मी ओरडायचे, "एक शब्द बोलू नका!"

कादंबरी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावातली होती. दोन सख्खे भाऊ, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वाटणीवरून बोलणं तुटलेलं, घरं मात्र भिंतीला भिंत लागून. धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरतं, ती काकाला बोलवायला स्वतः जाते आणि काका हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. लग्न दुसऱ्या गावी. थोरला लग्नाला येतो की नाही, इथे दुसरा तुकडा संपला. माझा जीव टांगणीला लागला, आणि तिसरा तुकडा नाखवांबरोबर समुद्रात.

वहिनींचं वाचून झालं होतं आणि तो त्यांनी नाखवांना दिला होता. नाखवा बर्फ आणि डिझेल भरून निघाले ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊनच गेले. वारा पडला नाही, फेरी लांबली. इकडे गणपती आले, वहिनींचा मुलगा आला, आरत्या झाल्या, विसर्जन झालं. मी रोज बंदरावर चक्कर मारत होते. मिस्टरांना वाटलं, मला पापलेट हवंय.

नाखवा आले ते विसर्जनाच्याच संध्याकाळी. आंघोळही न करता पिशवी घेऊन थेट वहिनींच्या पडवीत. तिसरा तुकडा माझ्या हातात पडला, पण आता वाचणार कधी? आत मुलगा आणि सून बॅगा भरत होते. सकाळी लवकर गाडी निघणार होती.

वहिनींना आणि नाखवांना सगळं ठाऊक होतं आणि मला नव्हतं, त्यामुळे त्यांनाही तोंड उघडता येईना. शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, शेवट सांगा."

"कोण बोलतंय हे?" वहिनी म्हणाल्या.

"सांगा म्हणते ना. वाचीन मी मागाहून. पण उद्या तुम्ही नसाल. मला तुमच्याशी त्या पुस्तकाबद्दल बोलायचंय." मला तेव्हा दुसरं काही नको होतं.

"थांब, चहा ठेवते," म्हणून वहिनी उठल्या आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने तीन कप घेऊन बाहेर आल्या, बसल्या आणि त्यांनी शेवट सांगितला.

थोरला येतो. लग्न लागून गेल्यावर, जेवणावळी चालू असताना. कुणाला काही न बोलता तो शेवटच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसतो. धाकटा वाढायला निघालेला असतो, तो वाढत वाढत त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. धाकटा वाढतो, थोरला पानात काही न टाकता जेवतो, हात धुतो आणि आला तसा निघून जातो.

"व्हय," नाखवा म्हणाले, "आन् ताटान जिलेबी व्हती."

"बुंदी," वहिनी त्यांच्याकडे डोळे वटारून म्हणाल्या. "जिलेबी नव्हती."

"हां, बुंदीच."

मला रडू आलं. मग आम्ही दिवेलागण होऊन अंधार पडेपर्यंत बोललो. धाकट्याने दोन शब्द बोलायला हवे होते असं माझं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, बोलला असता तर थोरला पानावरून उठला असता. नाखवा म्हणाले, "जेवाय वाढला म्हंजे बोललाच की." सून दोनदा बाहेर डोकावून गेली. वहिनींनी तिला हातानेच थांब म्हणून खूण केली.

सकाळी त्या गेल्या. मुलाला घाटातल्या गर्दीची काळजी होती, त्यामुळे निरोप घाईतच झाला. मी तिसरा तुकडा कपाटात ठेवून दिला. शेवट कळलेलाच होता, वाचायची घाई नव्हती. खरं म्हणजे इच्छाच नव्हती.

मग एका दुपारी काढला. वाचत गेले. लग्नाचा दिवस उजाडला. थोरल्याने इस्त्रीचा सदरा घातला, एसटी स्टँडवर गेला, बाकावर बसला. गाडी आली. तो उठला, दारापर्यंत गेला. गाडी सुटली आणि तो स्टँडवरच होता. तो तिथे संध्याकाळपर्यंत बसून राहतो आणि कादंबरी संपते.

पंगत नाही. पाट नाही. बुंदीचा दाणा नाही.

मला वाटलं, पानं गळली. शेवटचं प्रकरणच पडलं असणार, होडीवर नेलंन ना! पुस्तक तसंच घेऊन मी तणतणत बंदराकडे गेले. नाखवा ओट्यावर जाळं पसरून बसले होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं. "पुढची पानं कुठायत?"

त्यांनी पुस्तक उचलून बघितलं आणि गालात हसले. "पानां सगली हायत, ताय."

"मग ती पंगत? ती बुंदी?"

"ती पुस्तकान न्हाय. वयनी चाय ठेवाया आत गेली ना, तवा मनान रचत व्हती. मना पन ठावं नव्हता काय सांगनार ती. मंग मी बी जरा हातभार लावला." त्यांना अजून जिलेबीचं वाईट वाटत असावं. "जिलेबी काय वाईट व्हती?"

मी ओट्यावर बसले. तिथूनच वहिनींना फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला त्यांनी.

"खोटारड्या आहात तुम्ही," मी म्हटलं.

"वाचलंस वाटतं." आवाजात हसू होतं. "इतके दिवस लागले? मी रोज फोनची वाट बघतेय. अगं, तुझ्या तोंडचा घास मी कशाला काढू? आणि बोलायचं तर होतंच आपल्याला."

नाखवांनी जाळं बाजूला सारलं आणि ते माझ्याजवळ सरकून बसले. मी फोन स्पीकरवर टाकला.

"नाखवा पण आहेत का? बरं झालं," पलीकडून वहिनी म्हणाल्या. "हं, आता सांगा मला, तो त्या गाडीत का चढला नाही?"