एका ओळीत कोंबलेल्या दोन बेरजा

दादाची जीभ कात्रीपेक्षा धारदार. केस कापता कापता तो असा टोमणा हाणायचा, की गिऱ्हाईक हसून मान हलवायचं आणि कल्ला वाकडा व्हायचा. तरी माणसं त्याच्याच दुकानात यायची. मग अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. आता कात्री वहिनी चालवते आणि दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतो.

धाकटी बहीण प्रोग्रॅमर. छोट्या यंत्रांच्या मेमरीतली जागा कुणाला कुठं नि किती द्यायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहिणं हा तिचा धंदा. जागा देताना हात आखडता. एक बाइट वाया गेला तरी तिचा जीव हळहळायचा. ऑफिसात तिला ‘चिकटबाई’ म्हणत, आणि तिला ते मानाचं वाटायचं. तिनं दादासाठी बोलकं यंत्र केलं: डाव्या हातानं टाइप करायचं, बटण दाबलं की यंत्र बोलणार.

बोलायचं, पण उशिरा. दादा वाक्य आधीच मांडून ठेवायचा, शेवटचा शब्द तेवढा ऐन वेळी बसवायचा. बटण दाबल्यावर आवाज फुटेपर्यंत बोलणं भलतीकडेच गेलेलं असायचं. एकदा त्यानं एका ड्रायव्हरच्या मिशांची खोडी काढली. यंत्राला कंठ फुटला, तोवर ड्रायव्हर आईच्या आजारपणाचं सांगायला लागला होता. दादानं यंत्र बंद करून बहिणीकडे सरकवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. वहिनीनं नुसतं त्याच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं. झटका आल्यापासून ती त्याच्याशी अशीच वागायची, काचेचं भांडं असल्यासारखी.

बहिणीनं यंत्र उघडलं. चिपमध्ये दोन कोर, म्हणजे हिशेब करणारे दोन मेंदू; अर्धा अर्धा आवाज दोघांनी घडवायचा. किती काम झालं याची बेरीज ज्याची त्यानं पावलोपावली लिहायची. तिनं सहज म्हणून एक कोर बंद केला, तर आवाज लवकर आला. दोघांपेक्षा एकटा चपळ, म्हणजे दोघांत नक्की भांडण होतं.

भांडणाचं मूळ तिला मेमरीच्या पत्त्यांत सापडलं. कोर मेमरीतून सुटा माल आणत नाही. चौसष्ट बाइटांची अख्खी ओळ उचलून स्वतःजवळच्या छोट्या, चपळ कॅश मेमरीत ठेवतो. या दोन बेरजा एकाच ओळीत शेजारी शेजारी होत्या. एकानं आपला आकडा बदलला की दुसऱ्याजवळची ओळ शिळी, त्यानं ती पुन्हा मागवून लिहिलं की पहिल्याची शिळी. एका पांघरुणात दोघं निजले, की एकानं कूस बदलल्यावर दुसरा उघडा पडतो, तसं. आणि दोघांना एका पांघरुणात कोंबलं होतं हिनंच, काटकसर म्हणून.

मग तिनं प्रत्येक बेरीज चौसष्टच्या पटीतल्या पत्त्यावर बसवली, स्वतंत्र ओळीच्या तोंडाशी. आकडा आठ बाइटांचा, मागं छप्पन्न बाइट ओस. जिवावर आलं, पण सोडले.

यंत्र घेऊन ती दुकानात गेली. दादा मानच वळवेना.

“एकदाच दाब,” ती म्हणाली. “नाही जमलं तर मीच भंगारात घालते.”

तेवढ्यात शेजारचा शिंपी खुर्चीत येऊन बसला. त्याच्या डोक्यावर कानांच्या कडेनं तेवढी झालर उरलेली. दादानं त्याच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि बोट चालायला लागलं. शिंप्यानं पुढची मासिकं चाळली. मग म्हणाला, “वहिनी, आज जरा घाईत आहे हं.”

“नसलेले केस कापायला वेळ लागतो,” यंत्र लगेच बोललं, “बसा निवांत.”

शिंपी आधी दचकला, मग असा हसला की मासिकं खाली पडली. वहिनीची कात्री हवेतच थांबली. बहीण तिच्याकडे बघत होती.

वहिनीनं कमरेवर हात ठेवला आणि दादावर डोळे वटारले.

“गप्प बसा हो जरा. गिऱ्हाईक पळवाल माझं.”

इतक्या दिवसांत त्याला गप्प बस असं कुणी म्हटलं नव्हतं. दादाचा अर्धा चेहरा हसला. बोट तोवर पुढच्या वाक्याला लागलंही होतं.