कडुनिंबाचं इन्स्पेक्शन

रविवारी सकाळी मी दिल्लीच्या एका सरकारी कॉलनीतल्या कडुनिंबापुढे रडायच्या बेतात उभी होते.

माझी पीएचडी झाडांच्या पानांवर आहे. तिपाईवर लेझर स्कॅनर ठेवायचा, झाडाभोवती फिरून स्कॅन घ्यायचे आणि एकही पान न तोडता सगळ्या पानांचं मिळून क्षेत्रफळ काढायचं. मुनिरकातली माझी घरमालकीण याला 'पेड़ का एक्स-रे' म्हणते.

हा कडुनिंब मी आधीच्या रविवारी स्कॅन केला होता. पण माझे गाइड सर म्हणाले, आकडा बरोबर कशावरून? खरी पानं तोडून, मोजून दाखव, नाहीतर हा चॅप्टर विसर. आता दिल्लीत झाडाला हात लावायची परवानगी मला कोण देणार... म्हटलं, निदान परत स्कॅन करू. तोच आकडा आला तर सरांना तोंड तरी दाखवता येईल.

म्हणून देशमुख काकांना फोन केला. काका नागपूरचे, झाड त्यांच्या क्वार्टरसमोरच. आणि इथेच घोळ झाला... हयात सरकारी नोकरीत गेलेल्या माणसाला 'झाड परत तपासायला येतेय' असं सांगायचं नसतं.

बुंध्याला ताजा गेरू-चुना, मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार असले की फासतात तसा. आणि खालच्या फांद्या सगळ्या उडवलेल्या.

"तुझ्या मशीनच्या मधे येत होत्या ना, सकाळीच काढून टाकल्या," काका खुशीत. "बघ, आता कसं नीट दिसतंय."

झालं, आता तोच आकडा कुठून येणार! मी पायरीवर बसले. काकू चहा घेऊन आल्या, माझा चेहरा बघून काकांना म्हणाल्या, "कोणी सांगितली होती हो ही नसती उठाठेव?"

चहा पिताना कोपऱ्यातल्या फांद्यांच्या ढिगाकडे लक्ष गेलं. पानं अजून हिरवीगार... आणि डोक्यात ट्यूब पेटली. आधीच्या स्कॅनमधून आजचा स्कॅन वजा केला, की उरतो तो हा ढीगच की. म्हणजे लेझरचा आकडा पडताळायला खरी पानं माझ्यासमोर पडली होती.

मग काय, माझं स्कॅनिंग होईपर्यंत काका-काकूंनी चादर अंथरून मेथी निवडावी तशी पानं खुडली. काकूंच्या किचनमधल्या काट्यावर ती तोलली, थोड्या पानांचं क्षेत्रफळ फोटोवरून काढलं आणि वजनावरून सगळ्यांचा हिशेब केला.

दोन्ही आकडे जवळपास जुळले. सर खूश. फांद्या छाटायची परमिशन कुठून मिळाली, विचारत होते. म्हटलं, "सर, वो क्या है, वहाँ इन्स्पेक्शन था।"

काका, तुमच्यामुळे माझा चॅप्टर वाचला, अगदी मनापासून थँक्यू... पण पुढच्या झाडाला कधी येणार, ते तुम्हाला कळवणार नाही.