वरच्या थराचा कापूस

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी दिग्रसच्या मार्केट यार्डातल्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. शेतकऱ्याच्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढायचा, मगच प्रत सांगायची, हा आमचा नियम. एका सकाळी रांगेतून माझ्या थोरल्या भावाची बंडी पुढे आली. ‘आता पाहा, घरचा माल कसा पास होते!’ मागून कुणीतरी खिजवलं. मी हात आत घातलाच नाही. वरचा मूठभर कापूस उचलला. ओला लागला.

‘वजन वाढवायला पाणी मारलंय,’ सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो.

दोन दिवस रांगेत उभ्या बंडीवर दव पडलं होतं, एवढंच. मला शिकता यावं म्हणून शाळा सोडलेला माझा दादा बंडी वळवून निघून गेला आणि माझ्याशी बोलायचा थांबला.

पुढे झोप उडाली, तेव्हा यवतमाळला एका समुपदेशक बाईंकडे वर्षभर गेलो. त्या शांतपणे ऐकायच्या, लहानपणाबद्दल विचारायच्या. मी रडायचो. परतीच्या एसटीत दारव्ह्यापर्यंत हलकं वाटायचं, दिग्रसला उतरलो की पुन्हा तेच. दोष त्यांचा नव्हता. मनात येईल ते बोलायची मोकळीक होती आणि मी ती लपायला वापरली. वडिलांच्या माराबद्दल भरभरून बोललो, बंडीबद्दल एकदाही नाही.

मग एका तरुण डॉक्टरांनी सीबीटी, म्हणजे विचार तपासून पाहायची उपचारपद्धत, सुरू केली. इथे भेटी मोजक्या, प्रत्येक भेटीचा विषय ठरलेला आणि घरी करायला काम. वहीत आजचा विचार लिहायचा, त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा मांडायचा.

मी लिहिलं : मी नालायक माणूस आहे. पुराव्यात बंडी आलीच.

‘एका सकाळवरून अख्खा माणूस ठरवला?’ डॉक्टरांनी विचारलं.

म्हणजे स्वतःलाही मी वरवरच तपासलं होतं. मला वाटलं, सुटलो. पण खालची ओळ होती : मी दादाला चोर ठरवलं.

‘हा विचार चुकीचा नाही,’ ते म्हणाले. ‘खरं आहे ते पुसायला ही वही नाही. आता याचं काय करायचं, ते ठरवू.’

काम ठरलं. मी दादाच्या घरी गेलो, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं.

‘चारचौघांत चोर म्हनलं, अन् माफी घरात येऊन मागून राह्यला काय बे? यार्डात चाल. तिथंच बोल.’

‘तेव्हाचे लोक आता कुठे असतील, दादा?’

‘लोकं नसन. जागा तं हाय नं.’

यार्ड आजही भरतं, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. वहीत ‘या आठवड्याचं काम’ याखाली मी चार वेळा ‘यार्ड’ लिहिलं आहे. डॉक्टर दर भेटीत विचारतात, ‘गेलात?’

बाईंकडे असतो, तर एव्हाना पुन्हा वडिलांबद्दल बोलायला लागलो असतो.